कॉलर माइकवरची दुआ

आमचे हॅलोमामू म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. गेली तीस वर्षं त्यांचा माइक आणि स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. कुठलाही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते माइकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" म्हणतात, म्हणून सगळी वस्ती त्यांना हॅलोमामू म्हणते. तीस वर्षांत माइकवर त्यांनी एवढंच भाषण केलं आहे. चारपर्यंत पोचायच्या आत कोणीतरी येऊन माइक हातातून घेतो.

शाळेचं बक्षीस वाटप असो, लग्न असो की इमारतीच्या गच्चीवरची सभा, मामू आपले आवाज कमीजास्त करायचा मिक्सर घेऊन कोपऱ्यात बसलेले. मशिदीला लागून एक मोठा हॉल आहे, तिथले सगळे कार्यक्रमही त्यांच्याकडेच. त्यामुळे वस्तीत कोण काय बोललं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कसं बोललं हे फक्त मामूंना ठाऊक असतं. विशेषतः दुआच्या बाबतीत.

दुआ म्हणजे खरं तर फार साधी गोष्ट. नमाजची वेळ ठरलेली, शब्द ठरलेले. दुआचं तसं नाही. आपलं म्हणणं आपल्या शब्दांत अल्लाहपुढे ठेवायचं, झालं. भाषा कुठलीही चालते, जागा कुठलीही चालते, स्वयंपाक करताना चालते, अंथरुणात पडल्या पडल्या चालते. इतकी सोपी आणि फुकट गोष्ट आपल्याला सोसवली नसावी, म्हणून आपण तिला स्टेज, सतरंजी आणि अध्यक्ष जोडले.

"सूनबाई," मामू मला म्हणायचे, "भाषणाला एको, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी लागतो, दुआला जास्त. प्रत्येक आयोजक येऊन कानात सांगतो, मामू, दुआला जरा एको वाढवा हं. जसा काही कोरडा आवाज वर ऐकू जात नाही!"

त्यांचा मिक्सर जुना आहे. नव्या मिक्सरवर रंगीत दिवे असतात, ह्याच्यावर काचेत एक सुई आहे. आवाज वाढला की ती उजवीकडे उडी मारते. 'रोजीत बरकत दे' असं स्टेजवरून आलं की लोकांच्या आमीनने सुई लाल पट्ट्यात जाऊन थडकते. 'आम्ही कोणाचं मन दुखावलं असेल तर माफ कर' म्हटलं की ती जागच्या जागी जांभई देते. आणि वीज गेली, की कितीही रंगात आलेली दुआ दोन मिनिटांत आटोपते. हे मामूंनी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

हॉलच्या समितीचे अध्यक्ष टाइल्सचे घाऊक व्यापारी. त्यांची दुआ पस्तीस मिनिटांखाली आलेली कोणी ऐकलेली नाही. "या अल्लाह, तुला तर सगळं माहीतच आहे," अशी ती सुरू होते आणि मग पुढची पंधरा मिनिटं ते अल्लाहला जे माहीत आहे ते त्याला सांगतात. पाण्याची टाकी मागच्या समितीने कशी अर्धवट सोडली, ती आताच्या समितीने कशी पुरी केली, नमाजआधी हातपाय धुवायच्या वजूखान्याच्या टाइल्स कोणी कमी दरात दिल्या. मागच्या समितीची मंडळी समोरच बसलेली असतात. त्यांनाही आमीन म्हणावं लागतं.

हे सगळं चालू असताना मामूंचे हात बटणांवर. शिट्टी येऊ नये, आवाज फाटू नये. त्यामुळे तीस वर्षांत दुआला उठलेले मामूंचे हात कोणी पाहिले नाहीत. ह्यावरून कुजबुज होतीच. "माणूस चांगला आहे हो, पण दुआला कधी हात उचलत नाही." मामूंच्या कानावर ती यायची. कानावर येणं हा त्यांचा धंदाच. ते हसून सोडून द्यायचे.

आता मुमानी. मुमानी म्हणजे मामूंची बायको. मामूंचं दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बुकिंगचा फोन मुमानी घ्यायच्या, दुपारी पुढच्या खोलीत लहान मुलींना अक्षरं शिकवायच्या, आणि उरलेल्या वेळात खिडकीतून मामूंना हाका मारायच्या. त्यांना फोन लागायचा तो फक्त समोरच्याचं ऐकायला. स्वतःचं सांगायला खिडकी पुरेशी होती. नवं गिऱ्हाईक दुकानात उभं असताना वरून एकदा हाक आली, की ते मामूंना विचारायचं, "हा कुठल्या कंपनीचा? असाच द्या."

तो आवाज गेल्या वर्षी बसायला लागला. आधी सर्दी समजून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. दोन महिने झाले तरी आवाज मोकळा होईना, तेव्हा मामू आणि मी त्यांना घेऊन गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ. काढावी लागेल. ऑपरेशन लहान, पण नंतर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही.

"कुजबुजलं तर चालेल?" मी विचारलं.

"कुजबुजीने जास्त ताण येतो. हसायचंसुद्धा नाही मोठ्याने. आणि आवाज येईल, पण किती येईल, कसा येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

मुमानींनी एवढंच विचारलं, "मुलींना शिकवता येईल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू. डॉक्टरांचं 'बघू' कसं असतं ते बायकांना कळतं. मुमानी उठून बाहेर गेल्या.

मामू मात्र खुर्चीतच. एरवी डॉक्टरच्या टेबलावरच्या स्टेथोस्कोपवरही विनोद करणारा माणूस, चेहरा पांढराफटक.

"हे झालं कशामुळे?" त्यांनी विचारलं.

"वर्षानुवर्षं ताणून बोलल्यामुळे."

"म्हणजे बाहेरून काही नाही ना? म्हणजे… कोणी काही म्हटल्यामुळे वगैरे?"

"म्हटल्यामुळे म्हणजे?"

"काही नाही," मामू म्हणाले आणि उठले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासायला गेली, तिच्यात काही वाईट निघालं नाही. आता प्रश्न आवाजाचाच होता. मुमानी घरी आल्या आणि त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं पेन आलं, हातात शंभर पानी वही. मला वाटलं होतं, आता घर शांत होईल. कसलं काय! मुमानी वहीतही ओरडायच्या. शब्दांखाली एक रेघ ओढली म्हणजे नेहमीचा आवाज, दोन म्हणजे खिडकीतून, तीन म्हणजे रस्त्यापलीकडे. पहिल्याच दिवशी मामूंनी ओला टॉवेल गादीवर टाकला, तेव्हा चौथ्या रेघेला कागद फाटला.

मग माणसं यायला लागली. येणारी प्रत्येक बाई खुर्चीत टेकायची, मुमानींच्या गळ्याकडे विहिरीत वाकून बघावं तशी बघायची, चहा घ्यायची आणि उठताना म्हणायची, "दुआ करते हं." करतही असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या दहा दिवसांत मुमानींच्या घरात दुआंची रास लागली आणि कपबशा मात्र मीच विसळल्या. जे आले नाहीत त्यांनी फोनवर हात उचललेलं चित्र पाठवलं. त्याला एक अंगठा पुरतो.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडबाई राहतात. त्या रोज सकाळी एक दुआ पाठवायच्या, खाली ठळक अक्षरांत, 'अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत फरक दिसेल'. संध्याकाळी फरक बघायला स्वतः यायच्या.

"पाठवलीत का?"

मुमानींनी वही पुढे केली. 'अकराच का?'

"अहो, तसं आलंय ते. आणि तुम्ही स्वतः दुआ मागता की नाही? ओठ तरी हलवत जा. नुसतं मनातल्या मनात मागून पोचणार कशी?"

मुमानींनी लिहिलं, 'पोस्टाने.'

हेडबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मग चष्मा काढून पुसला.

सहाव्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी ठरवलं होतं, शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर हॉलमध्ये मुमानींच्या तब्येतीसाठी सामुदायिक दुआ. चारशे माणसं येतील. फोटोवाला सांगितला आहे. "आणि हॅलोमामू, साऊंड तुमचा. घरचंच कार्य आहे, काय?"

म्हणजे बायको मामूंची, स्पीकर मामूंचे, आणि दुआ अध्यक्षांची.

"ह्या वेळी मला तो कॉलरला लावायचा माइक द्या," अध्यक्ष म्हणाले. "हातात माइक धरला की एकच हात वर होतो. फोटोत बरं दिसत नाही."

ते गेल्यावर मुमानींनी लिहिलं, 'माझ्या घशासाठी त्यांचा घसा कशाला?' खाली दोन रेघा.

"अगं, चारशे माणसं आमीन म्हणतील."

'चारशेंपैकी तीनशे नव्वदांना मी कोण ते माहीत नाही.'

"अल्लाहला माहीत आहे ना."

'मग त्याला चारशे कशाला?'

मामूंनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं, ओळ एवढीशी असून. मग वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मला पाहिजेत." मुमानींनी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

शुक्रवारी हॉल भरला. बायकांची बाजू लाकडी पडद्याच्या मागे असते, तिथे आमच्या डोक्यावर मामूंनी वेगळा स्पीकर टांगलेला. मी आणि मुमानी पहिल्या रांगेत, आमच्या मागे हेडबाई. पडद्याच्या जाळीतून पुरुषांची बाजू दिसत होती. मामू वायरी ओढत फिरत होते. त्यांनी तो चिमुकला बिनवायरीचा माइक तपासायला स्वतःच्या कॉलरला लावला, स्टेजवर उभे राहून एक दोन तीन केलं, एको पाहिजे तेवढा चढवला. सगळं तयार. अध्यक्ष तेवढे यायचे होते, कारण फोटोवाला यायचा होता.

दहा मिनिटं गेली. लोक बसले होते. मामू इकडे तिकडे बघत मागच्या दाराने खुर्च्या ठेवायच्या खोलीत गेले. मला वाटलं, एखादी वायर आणायला गेले असतील.

आणि आमच्या डोक्यावरचा स्पीकर बोलायला लागला.

"या अल्लाह… मी आहे. स्पीकरवाला. म्हणजे तुला माहीत आहे."

'माहीत आहे… आहे… आहे…' एको म्हणाला.

लोकांना वाटलं, सुरू झालं. पुढच्या रांगेतले हात सवयीने वर गेले. मागचेही गेले. मी मुमानींकडे पाहिलं. त्या स्पीकरकडे बघत होत्या.

"अरबी मला चार ओळींच्या पुढे येत नाही, तेव्हा आपल्या नेहमीच्याच भाषेत बोलतो. अध्यक्ष अजून आलेले नाहीत. ते आले की चाळीस मिनिटं तुला सवड मिळायची नाही, म्हणून मी आधी आलो."

"आमीन," पुढच्या रांगेतून आलं. तोंडाला सवय असते.

"त्यांच्या दुआत टाकी येईल. टाइल्स येतील. मागची समिती येईल. तिकडे तू फार लक्ष देऊ नकोस."

"आमीन!" हे मागच्या समितीच्या बाजूने आलं आणि मनापासून आलं.

"नंतर ते म्हणतील, एक आजारी बहीण. नाव त्यांना ठाऊक नाही. तर ती एक आजारी बहीण म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची. माझी."

'माझी… माझी… माझी…'

आता हॉलमधली चुळबुळ थांबली. कोणीतरी उठून मिक्सरकडे जायला लागलं, तर मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेशइमामांनी हाताने त्याला खाली बसवलं. आमचे पेशइमाम तरुण आहेत, बोलतात कमी.

"एकोणीस वर्षांपूर्वी मी तुला काहीतरी बोललो होतो," स्पीकर म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक होतं. ही वरून हाका मारत होती, टोमॅटो आणा म्हणून. दहा वेळा मारल्या असतील. मी दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, या अल्लाह, हिचा आवाज जरा कमी कर. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. मला वाटलं, तुलाही कळलं असेल की विनोद आहे. कळलंच असेल, मी तुझी चूक काढत नाही. पण माझे हात नेहमी बटणांवर, तुला माहीत आहे. हात वर करून मी तुझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेवढंच. आणि तेच नेमकं…"

पुढे नुसता श्वास ऐकू आला. तोही एकोसकट.

"ते परत घे. लेखी पाहिजे तर लेखी देतो. तिचा आवाज दे. पुरा दे, कमीजास्त करू नकोस. तिला ओरडू दे. टोमॅटोसाठी ओरडू दे, माझ्यावर ओरडू दे. ऐकू आलं नाही असं मी पुन्हा म्हणणार नाही. खूपदा म्हणालोय, ऐकू येत असून. पोरींना शिकवू दे तिला. बदल्यात माझा एक कान घे. दोन्ही नको, धंदा आहे. डावा घे, तसाही त्यात शिट्टी वाजते. म्हणजे खराब माल देतोय असं नको वाटायला. बरं, उजवा घे. तू बघ कुठला ते."

हॉलमध्ये चारशे माणसं हात पसरून बसलेली.  आमीन आलं, पुरुषांकडून, बायकांकडून, सगळीकडून एकदम. त्या आमीनला सुई कुठपर्यंत गेली, ते बघायला मिक्सरपाशी कोणीच नव्हतं.

त्या खोलीचं दार जाड, आतापर्यंत आत काही पोचलं नव्हतं; हे आमीन मात्र पोचलं आणि मामूंना वाटलं, अध्यक्षांनी आपल्याशिवायच सुरू केलं. ते धावत बाहेर आले. चारशे माना त्यांच्याकडे वळल्या. मामूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं, आणि मग हळूच हनुवटी खाली करून स्वतःच्या कॉलरकडे पाहिलं.

"हॅलो?" ते म्हणाले.

'हॅलो… लो… लो…'

मुमानींचे खांदे हलत होते. मी घाबरून त्यांचा हात धरला, रडणंही गळ्याला चांगलं नाही म्हणून. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. त्या हसत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या, अजिबात आवाज न करता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं.

तेवढ्यात अध्यक्ष फोटोवाल्यासह आत शिरले. पाहतात तर अर्धा हॉल डोळे पुसतोय. एवढं तयार वातावरण त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. "माशा अल्लाह," ते म्हणाले आणि मामूंच्या कॉलरचा माइक काढून त्यांनी आपल्या कॉलरला लावला. "या अल्लाह, तुला तर सगळं माहीतच आहे." अडतीस मिनिटं. टाकी आली. टाइल्स आल्या. मागची समिती आली. एकतिसाव्या मिनिटाला ते गहिवरून म्हणाले, "आमची एक आजारी बहीण…" आणि हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. माणसं रुमालात तोंड खुपसून खोकत होती. अध्यक्षांना वाटलं, लोकांना फारच भरून आलं आहे. त्यांनी ते वाक्य पुन्हा घेतलं.

मामू वायरी गुंडाळत होते आणि मी मुमानींना घेऊन दाराशी थांबले होते, तेव्हा पेशइमाम मामूंजवळ आले. मामूंनी मान वर केली नाही.

"आज दुआ फार छान झाली, मामू."

"हो, अध्यक्षांची नेहमीच…"

"मी सहा मिनिटांच्या दुआबद्दल बोलतोय," पेशइमाम म्हणाले. "आणि कोणाचं वाईट होईल असं काही अल्लाह आपल्याकडून घेत नाही. चेष्टेत म्हटलेलं तर नाहीच नाही. एवढं तरी त्याच्याबद्दल चांगलं धरून चालावं माणसाने."

मामू हो हो म्हणाले. पण मी त्यांना ओळखते. मशिदीत हो म्हणायचं आणि जिन्यात पुन्हा सुरू व्हायचं, हे आपलं सगळ्यांचंच.

घरी पोचलो. मामू चपला काढून भिंतीकडे तोंड करून बसले. मुमानींनी वही घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. मी पाणी द्यायला गेले होते, म्हणून मला दिसलं.

'टोमॅटो नव्हते. वांगी होती.'

मामूंनी वाचलं. "तू… तुला ऐकू आलं होतं? तेव्हा?"

'तीन मजले. तुमचाही आवाज काही लहान नाही.'

"मग बोलली का नाहीस कधी?"

मुमानींनी खांदे उडवले आणि पान उलटलं. 'दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओरडले होते की नाही?'

"ओरडली होतीस."

'तिसऱ्या दिवशी?'

"रोजच. पण अगं, उशिरा कबूल झाली असेल."

ह्या वेळी पेन कागदावर असं चाललं की मला स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू आलं. 'एकोणीस वर्षं? अल्लाह म्हणजे तुमचा वायरमन आहे का?' तीन रेघा.

मामू हसले. पण पुरते नाहीत. दहाव्या दिवसापर्यंत त्यांनी खिडकी बंद केली नाही की रेडिओ लावला नाही. जेवताना चमचा ठेवायचे तोही जपून, जसं काही घरातला आवाज कुठेतरी मोजून शिल्लक आहे आणि आपण वापरला तर तिला कमी पडेल.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "आ म्हणा."

मुमानींनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग जड लाकडी खण ओढल्यासारखा एक आवाज निघाला. खर्जातला, जाडसर. त्या स्वतःच दचकल्या. मामू मान एका बाजूला कलती करून उभे होते, नवा स्पीकर विकत घेताना उभे राहतात तसे.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता दिवसाला पाच मिनिटं बोला. मग दर आठवड्याला थोडं वाढवू. दोनेक महिन्यांनी मुलींना शिकवायलाही हरकत नाही, शांतपणे. ओरडायचं मात्र नाही. खिडकीतून हाक वगैरे आता कधीच नाही."

"पूर्वीचा आवाज?" मामूंनी विचारलं.

"तो नाही येणार. हाच चांगला बसेल."

मामूंनी दोन्ही हात एकदा उचलल्यासारखे केले आणि पुन्हा खिशात घातले. काय म्हणणार होते कोण जाणे.

बातमी आमच्याआधी वस्तीत पोचली. अध्यक्षांनी आपली अडतीस मिनिटं कबूल झाल्याचं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, टाइल्स दाखवता दाखवता. हेडबाई म्हणाल्या, अकरावा माणूस काल सापडला म्हणूनच. एका नात्यातल्या बाईने तर फोन करून कुठल्या दिवशी, किती वाजता दुआ केली तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तेवढा दावा केला नाही. त्या पुढच्या पेशंटला आत बोलावून मोकळ्या झाल्या होत्या.

घरी आल्यावर मामूंनी खुर्ची मांडली. पाठ ताठ, हात मांडीवर. पाच मिनिटं म्हणजे काय थोडी नाहीत, दहा दिवसांचं साठलेलं, टॉवेलपासून सुरुवात होणार, अशी त्यांची तयारी होती. मुमानींनी हातपाय धुतले, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि वहीत लिहिलं, 'मला एकटीला.' आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं.

मी ओट्यापाशी होते. मामू खुर्चीतून उठले आणि चोरपावलांनी दाराशी गेले. आतून तो खर्जातला आवाज येत होता. बारीक, अधेमधे थांबणारा. शब्द काही कळत नव्हते.

"मामू," मी दबक्या आवाजात म्हटलं, "दुआ मागताहेत त्या. ऐकू नका."

"शब्द नाही गं ऐकत, सूनबाई," ते डोळे मिटून म्हणाले. "आवाज ऐकतोय. वरचा भाग सगळा गेला. खालचा बघ किती आलाय. हा तिच्याकडे होता हे मला माहीतच नव्हतं."

"दारापासून लांब व्हा," आतून आवाज आला.

मामू चार पावलं उडाले. माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा असा, की जणू स्टेजवर बोलावून शाल घातली आहे. "ऐकलंस? माझ्यावर रागावली! पहिलं वाक्य माझ्यावर!"

थोड्या वेळाने दार उघडलं. मामू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतच उभे होते.

"साडेतीन मिनिटं झाली. दीड उरली आहेत. बोल ना. काहीही बोल. वांगी म्हण."

मुमानी पाणी प्यायल्या. त्यांनी पेला खाली ठेवला. सवयीने हात वहीकडे गेला होता, तो मागे घेतला.

"खुर्ची जवळ घ्या," त्या म्हणाल्या. "इतक्या लांबून नाही बोलवत मला."

मामूंनी खुर्ची ओढली. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. त्या दीड मिनिटात दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. त्या दीड मिनिटाची सव्वाचार झाली, एवढं मात्र ओट्यावरच्या घड्याळात मी पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंना ते आम्ही कोणीच सांगितलं नाही.